सगळेच फॉरवर्ड

वर्धा शहरात फुटबॉल खेळणारे थोडे, बघणारे त्याहून बरे आणि संघ निवडू शकणारे मात्र घरटी एक. क्रिकेट इथे जन्मजात कळतं. फुटबॉलचं ज्ञान चार वर्षांतून एकदा विश्वचषकाच्या रात्री जागताना येतं आणि पुढे कायम मुक्कामाला राहतं. बजाज चौकापासून आर्वी नाक्यापर्यंत कुठल्याही टपरीवर उभं राहून “आपल्या टीमले आधी कोन पाह्यजे?” एवढंच विचारावं. पाऊण तासात चहावाल्याचं दूध संपतं, प्रश्न संपत नाही.

एका वस्तीत हा प्रश्न खरोखरच उभा राहिला. तिथल्या मंडळाने सात-सात गड्यांची फुटबॉल स्पर्धा घ्यायचं ठरवलं. पूर्वी संघ पाडायची रीत सोपी होती. ज्याचा चेंडू तो कप्तान, कप्तानाचे दोस्त आधी, दोस्तांचे धाकटे भाऊ नंतर. पण २००८ मध्ये आयपीएलचा पहिला लिलाव झाला आणि हळूहळू टेनिस बॉलच्या गल्ली-क्रिकेटलाही संघमालक लागू लागले. मालक आला की फ्लेक्स आला, फ्लेक्स आला की गॉगल आला. फुटबॉलचाही लिलावच करावा, असा ठराव मंडळापुढे आला. मालक व्हायला चौघे उभे राहिले. पैशाचं नाव निघताच चौघेही बसले. तेव्हा इंजिनिअरिंगला असलेल्या एका पोट्ट्याने मोबाइलमधून मान वर काढली.

“ड्राफ्ट करू न काका. त्याच्यात पैसे लागत नाही.”

ठराव एकमताने मंजूर झाला. ड्राफ्ट म्हणजे काय, हे विचारायचं मात्र सगळ्यांनी पुढच्या बैठकीवर ठेवलं.

पुढच्या बैठकीत पोट्ट्याने समजावून सांगितलं. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. संघांनी पाळीपाळीने एकेक नाव उचलायचं, आणि जो संघ सगळ्यांत खराब त्याची पाळी पहिली. ही युक्ती अमेरिकेतली. तिकडचा फुटबॉल बराचसा हातानेच खेळतात, तो भाग सोडून देऊ. फिलाडेल्फिया ईगल्स हा १९३५ च्या मोसमात तळाला गेलेला संघ. त्याचा मालक बर्ट बेल याने सुचवलं की, शेवटच्या नंबराला पहिला गडी मिळावा. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात नऊ संघ बसले आणि पहिला ड्राफ्ट झाला. सूचना बेलची, हॉटेल बेलच्या घरच्यांचं, शेवटचा नंबर बेलचा आणि पहिली पाळीही बेलचीच. हे ऐकून वस्तीतले विमावाले भाऊ एवढंच म्हणाले, “मानूस आपल्याकडचाच दिसते.”

बेलने पहिलं नाव घेतलं ते जे बर्वॅंगर या गाजलेल्या कॉलेज खेळाडूचं. पैशाचं जमेना, म्हणून ईगल्सने त्याच्यावरचा हक्क शिकागोच्या संघाला दिला. तिथेही जमलं नाही. शेवटी बर्वॅंगर फोम रबर विकायच्या धंद्यात गेला आणि व्यावसायिक फुटबॉल एकही सामना खेळला नाही. म्हणजे ड्राफ्टच्या इतिहासातला पहिला गडी मैदानावर आलाच नाही. विमावाले भाऊंनी यावरही मान डोलावली. त्यांच्या धंद्यात अशी माणसं रोज भेटतात.

“एकोणीसशे छत्तीस!” निवृत्त गणिताचे गुरुजी एकदम सरसावून बसले. “त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस गांधीजी आपल्या सेगावात राहायला आले. आणि त्याच वर्षी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं बर्लिन ऑलिम्पिकला जाऊन खेळ दाखवून आली.”

“मग?” शेठने विचारलं. शेठ कापसाचे व्यापारी. जर्सी त्यांच्याकडून होत्या, त्यामुळे ‘मग?’ विचारायचा हक्क त्यांना होता.

“मग काही नाही. नोंद करून ठेवा.”

नोंद करून ठेवली. इतिवृत्त लिहायचं काम प्रस्तुत लेखकाकडे होतं, कारण त्याला कोणत्याच संघाने मागितलं नव्हतं.

पहिली अडचण आली ती पाळीची. सगळ्यांत खराब संघाला पहिली पाळी, हा नियम कळताच चारही कप्तानांच्या अंगी अशी नम्रता आली की, जिचा त्यांच्या घरच्यांना कधी पत्ता नव्हता. एरवी वर्ध्याचा माणूस गल्लीतल्या कॅरमलाही हार मानत नाही. इथे चौघेही आपापल्या दुबळेपणाचे पुरावे काढू लागले.

“आमचे दोन पोट्टे गुडघ्याचे हायेत.”

“तुह्यावाल्याइले गुडघे तरी हायेत!”

तिसऱ्याने आपल्या मोहल्ल्याचा संघ मागच्या पाच वर्षांत मैदानापर्यंत पोचलाच नाही, असं सिद्ध केलं. चौथा म्हणाला की, त्याच्याकडे संघच नाही, नुसती शिट्टी आहे. अमेरिकेत मोसमाच्या शेवटी शेवटी संघ मुद्दाम हरतात, अशी बोंब तिकडे कायम असते. बास्केटबॉलवाल्यांनी तर त्यावर उपाय म्हणून १९८५ पासून पहिल्या पाळीसाठी चिठ्ठ्याच काढायला सुरुवात केली. वस्तीनेही तेच केलं. काकूंच्या खानावळीतला स्टीलचा डबा आणला, त्यातून चार चिठ्ठ्या निघाल्या, आणि चिठ्ठी काढणारा पोरगा कुणाचा भाचा आहे यावर आणखी अर्धा तास गेला.

मग खरा वाद लागला. आधी काय उचलायचं? फॉरवर्ड, हाफ, बॅक की गोली?

शेठचं मत पक्कं होतं. “गोल मारनाराच घ्या. गोल नाही मारला तं जिंकान कसे?” शेठचा भाचा फॉरवर्ड होता हा निव्वळ योगायोग. गुरुजींचं मत त्याहून पक्कं होतं. “गोल खाल्लाच नाही तर हराल कसे?” दोन्ही वाक्यांत तर्काची चूक काढता येत नाही, आणि म्हणूनच हा वाद जगभर चालू आहे. युक्तिवादाच्या भरात गुरुजींनी २०१७ साल काढलं.

ते महाराष्ट्राच्या फुटबॉलचं वर्ष होतं. सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक ऑक्टोबरमध्ये भारतात भरायचा होता, त्यातले काही सामने नवी मुंबईत होते. त्याची हवा तयार व्हावी म्हणून राज्य सरकारने १५ सप्टेंबरला दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळवायचं ठरवलं. शाळाशाळांत चेंडू आले, परिपत्रकं आली, फोटो पाठवायच्या सूचना आल्या. गुरुजी तेव्हा नोकरीत होते. त्यांनी खडूने मैदान आखलं, प्रत्येक मुलाला जागा नेमून दिली, भूमितीच्या तासाला लागतो तेवढा वेळ कोन समजावून सांगण्यात घालवला आणि शिट्टी वाजवली. पुढच्या क्षणी दोन्ही संघ, दोन्ही गोली आणि प्रेक्षकांतली चौथीची पोरं अशी सगळी सेना चेंडूमागे एकाच कोपऱ्यात होती. उरलेलं मैदान रिकामं. “तेव्हाच समजलं,” गुरुजी म्हणाले, “या देशात जन्माला येणारं प्रत्येक लेकरू फॉरवर्डच असतं. बॅक घडवावा लागतो.”

त्याच वर्षी, २३ जुलैला, मुंबईत इंडियन सुपर लीगचा ड्राफ्ट झाला होता. दहा संघ, दोनशेवर भारतीय खेळाडू आणि प्रत्येकाची किंमत आधीच ठरलेली. सगळ्यांत महाग दोघे होते. अनस एडाथोडिका आणि यूजीनसन लिंगडोह, प्रत्येकी १ कोटी १० लाख. लिंगडोह मधल्या फळीतला, अनस मधला बॅक. जमशेदपूरच्या कोऱ्या करकरीत संघाने पहिलं नाव उचललं ते अनसचं. आता ह्या जमशेदपूरचा प्रशिक्षक कोण? स्टीव्ह कॉपेल. म्हणजे एकेकाळी मँचेस्टर युनायटेडच्या उजव्या बगलेवरून धावणारा विंगर. विंगरच्या संघाने पहिल्या पाळीला बॅक मागावा, हे शेठला सरळ सरळ फितुरी वाटली.

“मग झालं काय त्याइचं?” शेठने विचारलं.

पोट्ट्याने मोबाइल पाहून सांगितलं. पहिले तिन्ही सामने शून्य-शून्य.

“पाहा!” शेठ ओरडले. “तीन सामन्यांत एक गोल नाही!”

“पाहा!” गुरुजी त्याच सेकंदाला ओरडले. “तीन सामन्यांत एक गोल खाल्ला नाही!”

एकाच आकड्याने दोघांचंही समाधान झाल्याचा हा प्रसंग इतिवृत्तात लाल शाईने नोंदवलेला आहे.

आता खरं तर तिथले मोठे संघ फॉरवर्ड आधी का उचलत नव्हते, याचं कारण सरळ आहे. त्या मोसमात एका वेळी पाच परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येत होते, आणि गोल मारायचं काम बहुतेकांनी त्यांच्यावर सोपवलं होतं. गोव्याच्या संघाने स्पेनचा कोरो आणला, त्याने त्या मोसमात १८ गोल मारून सगळ्यांना मागे टाकलं. मग ड्राफ्टमध्ये शोधायचे ते बॅक, हाफ, बगलेवरचे गडी आणि गोली. हे समजल्यावर वस्तीतही ‘बाहेरचा एक गडी चालेल’ असा नियम झाला. बाहेरचा म्हणजे कुठला, यावर पुलगाव, हिंगणघाट आणि सेलू या तीन परदेशांची नावं पुढे आली. एकाने कामठीचं नाव घेतलं तेव्हा बैठक गप्प झाली. कामठीत फुटबॉल पिढ्यान् पिढ्या खेळतात. तिथला गडी आला तर इथल्यांना तो खेळताना बघत बसावं लागेल, ही भीती रास्त होती. कामठी वगळून ठराव पास झाला.

हाफचा विषय फार चालला नाही. मधल्या फळीला एक पोरगा सगळ्यांना पसंत होता, त्याची लाथ चांगली, फक्त चेंडू कुठे जाईल याचा भरवसा नव्हता. सेवाग्रामचं नाव सेगाव होतं तेव्हा गांधीजींची पत्रं चुकून गजानन महाराजांच्या शेगावला जायची, म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव बदलावं लागलं. या पोराचे पास अजून शेगावलाच जातात. त्याला तिसऱ्या फेरीत ठेवलं.

गांधीजींचा विषय निघालाच होता, तर गुरुजींनी आणखी एक माहिती पुरवली. दक्षिण आफ्रिकेत असताना डर्बन, प्रिटोरिया आणि जोहान्सबर्गच्या हिंदी लोकांच्या फुटबॉल क्लबांशी बापूंचा संबंध होता, आणि त्या क्लबांचं नाव होतं ‘पॅसिव्ह रेझिस्टर्स’. झालं! वर्ध्याच्या माणसाला एवढं पुरे. बापूंना कोणत्या जागेवर खेळवायचं, यावर पुढची चर्चा गेली.

“फॉरवर्ड. दांडीयात्रेत सगळ्याइच्या पुढं कोन होतं?” शेठ म्हणाले.

“बॅक,” गुरुजी म्हणाले. “ते टॅकल करणार नाहीत. चेंडूच्या पुढ्यात येऊन नुसते बसतील. कोण पुढे जाईल सांगा?”

“रेफरी काय म्हनन?”

“रेफरीला त्यांनी आधीच पत्र लिहिलेलं असेल.”

या मुद्द्यावर शेठनेही हात टेकले.

गोलीचा प्रश्न मात्र कुणाला सोडवता येईना. गल्लीतल्या फुटबॉलमध्ये गोली हे पद नसून शिक्षा असते. जो उशिरा आला, ज्याला चष्मा आहे, ज्याचं वजन जास्त आहे किंवा ज्याच्या बहिणीने घरी चुगली केली, तो गोली. गोल वाचवला तर चेंडू ‘त्याच्याच अंगावर आला होता’, आणि सुटला तर गल्लीत वर्षभर आठवण. चारही कप्तानांनी गोली शेवटच्या फेरीत ठेवला होता. शेवटच्या फेरीत नाव उरलं होतं ते इतिवृत्त लिहिणाऱ्याचं.

मोठ्यांच्या जगात उलटं आहे. २०१७ च्या त्याच ड्राफ्टआधी संघांना मोजके जुने गडी स्वतःकडे ठेवायची मुभा होती. मुंबईने सेहनाज सिंगसोबत कुणाला ठेवलं? अमरिंदर सिंग, गोली. गोव्याने कुणाला ठेवलं? लक्ष्मीकांत कट्टीमणी, गोली, आणि मंदार राव देसाई. हा मंदार म्हापशाचा. सुरुवातीला डाव्या बगलेवरून पुढे धावणारा. पुढे त्याला लेफ्ट बॅक केलं. आपल्याकडे असं मागे पाठवलं तर पोरगा घरी जाऊन आजीला सांगतो आणि आजी मैदानावर येते. मंदार मागे गेला आणि असा टिकला की, इंडियन सुपर लीगमध्ये शंभर सामने खेळणारा तो पहिलाच खेळाडू ठरला. २०२०-२१ मध्ये मुंबईकडून खेळताना लीगही जिंकला, करंडकही.

हे सगळं ऐकूनही गोली व्हायला कुणी हात वर केला नाही. शेवटी डबा परत न्यायला आलेल्या खानावळवाल्या काकूंनी विचारलं, “अजून काऊन अडलं रे?” सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “जो गोली होईन त्याले स्पर्धा संपेपर्यंत दोन्ही टाइम जेवन फुकट.”

अकरा हात वर झाले. त्यात एका कप्तानाचाही होता.

ड्राफ्टच्या दिवशी संध्याकाळी पाच ही वेळ होती. साडेसहाला सुरुवात झाली. पहिल्या पाळीत पहिल्या कप्तानाने फॉरवर्ड उचलला. दुसऱ्यानेही फॉरवर्डच उचलला. तिसरा होता गुरुजींचा कप्तान. त्याला गुरुजींनी तळहातावर ‘बॅक’ असं लिहून दिलं होतं, पण घामाने ते पुसलं गेलं आणि त्यानेही फॉरवर्डच उचलला. गुरुजींनी डोक्याला हात लावला. बघता बघता वस्तीतले सगळे फॉरवर्ड आणि शेगाववाला हाफ संपले. विमावाल्या भाऊंच्या संघाची पाळी प्रत्येक फेरीत शेवटची. त्यांच्या वाट्याला पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं आली. ही पोरं पहाटे उठून सोळाशे मीटर पळतात, चेंडूशी त्यांचा परिचय नाही. “चेंडू नाही समजला तरी चालते,” भाऊंनी त्यांना धीर दिला, “चेंडूवाल्याच्या मागं पळा. दमला का थांबते तो.”

सर्वांत आधी उचललेला गडी स्पर्धेच्या दिवशी आला नाही. त्याच्या मामाकडे लग्न निघालं होतं. पोट्ट्याने बर्वॅंगरची आठवण करून दिली, ती कप्तानाला गोड लागली नाही.

नागपूरच्या विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल उभा केला आणि त्यांच्यावर नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ निघाला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो सिनेमा पाहून वस्तीतल्या अनेकांनी कोच व्हायचं ठरवलं होतं. स्पर्धेच्या दिवशी मैदानात चौदा खेळाडू आणि कडेला त्याहून जास्त कोच होते. “पास दे बे!” आणि “पास नको देऊ!” अशा दोन सूचना एकाच वेळी, एकाच पोराला, त्याच्याच सख्ख्या दोन काकांनी दिल्या. पोराने चेंडू काकूंच्या खानावळीत मारला.

गुरुजींच्या संघाने पहिला सामना शून्य-शून्य केला, दुसराही शून्य-शून्य केला आणि नाणेफेकीवर बाहेर पडला. गुरुजी प्रसन्न होते. “एकही खाल्ला नाही,” असं ते भेटेल त्याला सांगत होते. फुकट जेवणाऱ्या गोलींपैकी दोघांना दुपारच्या सामन्यात वाकता येईना, कारण काकूंनी त्या दिवशी पुरणपोळी केली होती. शेठचा संघ, ज्यात सहा फॉरवर्ड आणि एक नाराज गोली होता, पाच-चार, सहा-पाच असे सामने जिंकत अंतिम फेरीत आला. तिथे त्यांच्यापुढे भाऊंची भरतीवाली पोरं होती. ती खरंच चेंडूवाल्याच्या मागे पळत राहिली. शेठचे सहाही फॉरवर्ड मध्यंतरापर्यंत कमरेवर हात ठेवून उभे होते.

कुणाचाच गोल होईना. शेवटची पाच मिनिटं उरली आणि शेठच्या भाच्याला राहवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तो बचावाला मागे आला. उजवीकडून आलेला चेंडू बाहेर काढायला त्याने पूर्ण ताकदीने लाथ मारली आणि तो आपल्याच जाळीत घातला. भाऊंचा संघ एक-शून्यने जिंकला.

“लिहून घ्या,” गुरुजी इतिवृत्तवाल्याला म्हणाले. “शेठचं म्हणणं शेवटी खरं ठरलं. गोल फॉरवर्डनेच मारला.”

शेठ त्या दिवशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र ते टपरीवर मोबाइल घेऊनच आले. १७ मार्च २०१८ ला बंगळुरूत झालेला इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना त्यांनी शोधून काढला होता. चेन्नईयिनने बंगळुरूला ३-२ ने हरवलं, आणि त्यातले दोन गोल हेडरने मारणारा मैलसन आल्वेस हा चेन्नईयिनचा मधला बॅक होता. “म्हंजे बॅक घ्याचा, पन गोल मारनारा घ्याचा,” शेठ म्हणाले. दोन्ही पक्षांना मान्य होईल असा हा तोडगा होता. तो दहा मिनिटं टिकला. मग तो बॅक डाव्या पायाचा असावा की उजव्या, यावर नवीन चहा सांगण्यात आला.

पुढचा ड्राफ्ट दिवाळीनंतर आहे. तोपर्यंत मंडळाला तीन गोली हवे आहेत. चष्मा चालेल, वयाची अट नाही, अनुभव नसला तर उत्तम. दोन्ही वेळचं जेवण काकूंकडे. मात्र सामन्याच्या दिवशी पुरणपोळी मिळणार नाही. इच्छुकांनी रविवारी सकाळी स्वतःचे हातमोजे घेऊन यावं. फॉरवर्डांनी येऊ नये.